मलिहाचा रोजा

"जीभ दाखव."

"अब्बा, आता जीभ काऊन?"

"दाखव म्हनलं ना."

मलिहाने दप्तर खुंटीला अडकवलं, बापाकडे तोंड वळवलं आणि जीभ बाहेर काढली. शाळेत पोरी मास्तरांच्या पाठीमागे काढतात तशी, पुरी. वाहेदने वाकून निरखून पाहिलं. जीभ कोरडी होती. रोज्याच्या दिवशी दुपारी जीभ कोरडी नसणार तर काय रसरशीत असणार, पण एवढं कळण्याइतकं त्याचं डोकं त्या दिवशी ठिकाणावर नव्हतं. मग त्याने हाताची उलटी बाजू तिच्या कपाळाला लावली. चालू मोटार तापली आहे का, हे तो दुकानात असंच बघायचा. तीच रीत घरी आली होती.

"गरम लागून राह्यलं."

"उन्हातून आली ती. गरम नाई लागन तं काय बरफ लागन?" आतून शकीला म्हणाली. "मलिहाचे अब्बा, सकायपासून किती खेपा मारसान? दुकान कोन पाह्यते?"

"मी बरी हाये, अब्बा," मलिहा म्हणाली. "तुम्ही जा."

वाहेद गेला. म्हणजे कोपऱ्यापर्यंत गेला, तिथे उभा राहिला, घराकडे पाहिलं आणि मग दुकानात गेला.

जानेफळच्या पुढे, रस्त्याला लागून असलेल्या त्या गावात वाहेदचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. पंचक्रोशीतल्या बोअरच्या जळक्या मोटारी त्याच्याकडे यायच्या. माणूस कामाचा पक्का, बोलायला गोड, पण पोरीचा विषय निघाला की कामातून गेलेला. मलिहा पाच वर्षांची असताना तिला रक्ताचा कॅन्सर झाला होता. तीन वर्षं नागपूर, तीन वर्षं सुया आणि रक्ताच्या बाटल्या. तिचे केस गेले आणि पुन्हा आले. आता ती आठवीत होती, वेण्या कमरेपर्यंत होत्या, आणि दवाखाना तिला वर्षातून एकदाच बोलवायचा. आजार पोरीच्या अंगातून गेला होता. वाहेदच्या अंगातून तो काही गेला नव्हता.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. वाहेद पाणीही फुंकून प्यायचा. शाळेची सहल नको, सायकल नको, लग्नाच्या पंगतीतलं जेवण नको. एकदा तिला साधा ताप आला, गावातले डॉक्टर गोळी देत होते, तर याने भाड्याची गाडी करून तिला थेट नागपूरला नेलं. तिथे तपासण्या झाल्या, दंडात पुन्हा सुई गेली, आणि काहीच निघालं नाही. इकडे शाळेच्या गॅदरिंगमध्ये मलिहाचा नाच होता, तो तिच्या जागी दुसऱ्या पोरीने केला. मलिहा तेव्हा रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं शकीलाला वाटलं होतं.

आणि रोजा तर नकोच नको. गावात पोरं सात-आठ वर्षांची झाली की पहिला रोजा धरतात. संध्याकाळी नवे कपडे, गळ्यात गुलाबाचा हार, पाहुणेरावळे, मोबाईलवर फोटो. मलिहाच्या मावशीची रुबिना तिच्याहून लहान, तिचा हारसुद्धा मलिहानेच ओवला होता. स्वतःचं विचारलं की घरात एकच उत्तर मिळायचं, पुढच्या साली. अशी कितीतरी पुढची सालं होऊन गेली. शेवटी या वेळी नागपूरला मलिहाने बापाला न विचारता डॉक्टरीणबाईंनाच विचारलं, आणि बाई हसून म्हणाल्या, "ठेव की. तुला काय धाड भरली आहे?" वाहेदला ते हसणं मुळीच आवडलं नाही. पण बाईंच्या शब्दापुढे त्याचं काही चाललं नाही.

"हार नको, फोटो नको," मलिहाने आदल्या दिवशीच बजावलं होतं. "रुबिनाच्या वयाची नाई मी आता. अन् अब्बा, तुम्ही दिवसभर दुकानात बसायचं."

त्यातलं दुकानात बसायचं तेवढं वाहेदला जमत नव्हतं. समोर उघडी मोटार, हातात तांब्याची तार, आणि जीव घराशी टांगलेला. तेवढ्यात शेजारची गीताबाई टेबलफॅन काखोटीला मारून आली.

"काय वाहेदभाऊ, तोंड काऊन उतरलं? उपास लागला का?"

"माया तं रोजचाच हाये वो काकू. मलिहाचा रोजा हाये आज. पयलाच."

"अगं माय! मंग हे तं चांगलं झालं." गीताबाई स्टुलावर टेकली. "पोरीचा लय जीव व्हता त्याच्यात. पन जपा बाप्पा. त्या दिवसासारखी चक्कर नको यायले."

वाहेदच्या हातातली तार तिथेच थांबली.

"कोन्त्या दिवसासारखी?"

गीताबाईने जीभ चावली, पण शब्द तोंडातून निघून गेला होता. वाहेद नुसता बघत राहिला. अशा बघण्यापुढे खोटं बोलायचं म्हणजे माणूस दगडाचा पाहिजे, आणि गीताबाई तशी नव्हती.

"दिवायी झाल्यावर," ती म्हणाली. "शायेतून येता येता मायाच दारात मटकन बसली. घामानं चिंब. मी लिंबूपानी पाजलं, ओसरीवर निजवलं. घंटाभरानं उठली अन् हासत घरी गेली. काही नाई, सकायपासून उपाशी व्हती."

"अन् मले कोनी सांगतलं नाई?"

"तिनं हात जोडले ना मायापुढं. म्हने, काकू, अब्बाले सांगू नका. सांगतलं की ते गाडी करतीन, नागपूरले नेतीन, अन् वापस येईस्तोवर घास नाई खानार." गीताबाईने पदराने कपाळ पुसलं. "खोटं हाये का?"

खोटं नव्हतं. वाहेदने टेबलफॅन ठेवून घेतला, उद्या देतो म्हणाला. चक्कर आली याची भीती होतीच, पण तिच्याहून मोठी भीती दुसरी होती. "मी बरी हाये, अब्बा." इतकी वर्षं या एका वाक्यावर तो रात्री डोळे मिटत होता. आता ते वाक्यच पोकळ निघालं. पोरगी बरी असली तरी हेच म्हणणार, नसली तरी हेच. मग विचारायचं तरी कोणाला?

तो पुन्हा घरी गेला. मलिहा सावलीत बसून पुस्तक वाचत होती.

"काही होत तं नाई ना, बेटा?"

"मी बरी हाये, अब्बा," तिने पुस्तकातून मान वर न काढता सांगितलं.

दिवस उतरायला लागला तसा वाहेद मशिदीकडे निघाला. रमजानमध्ये संध्याकाळी त्याचं तिथे काम असायचं. एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचा जुना भोंगा त्याने कधीकाळी आणून, त्याच्या मोटारीत नवी तार भरून, मशिदीच्या गच्चीवरच्या खोलीत बसवला होता. रोजा सोडायची वेळ झाली की आधी भोंगा वाजायचा आणि मग अजान व्हायची. खोलीची किल्ली वाहेदकडे, बटण दाबायचा मान वाहेदचा. सगळं गाव त्या आवाजावर चालायचं. हात खजुरावर ठेवून घराघरात माणसं थांबलेली असायची, आणि गीताबाईसुद्धा भोंगा झाला की म्हशीची धार काढायला उठायची. इतक्या वर्षांत वाहेदची वेळ कधी चुकली नव्हती. लोक घड्याळावर शंका घ्यायचे, पण वाहेदवर नाही.

खोलीसमोर उभं राहिलं की खाली वाहेदच्या घराचं अंगण दिसायचं. शकीलाने जेवायला दस्तरखान अंथरला होता. मलिहा कलिंगड कापत होती. फोडी ताटात रचल्या, पाण्याचे ग्लास मांडले, आणि मग ती भिंतीला टेकून बसली. बसली, गुडघे जवळ घेतले आणि त्यावर कपाळ ठेवलं.

वाहेद वाट पाहत राहिला. आता डोकं वर करेल, मग करेल. ती हललीच नाही. शकीला तिच्या अंगावरून आत गेली, भज्यांची परात घेऊन बाहेर आली, पुन्हा आत गेली. एकदाही तिने पोरीकडे वळून पाहिलं नाही.

"शकीला!" त्याने हाक मारली. खाली रस्त्यावर फळवाल्यांचा गलका चालू होता, हाक तिथेच विरली. त्याने फोन लावला. अंगणात कोणी उचलला नाही. नागपूरच्या त्या वॉर्डातही ती अशीच बसायची, गुडघ्यावर कपाळ ठेवून, आणि मग कोणीतरी धावत यायचं. वाहेदला धावत घरी जायचं होतं. पण वेळ जवळ आली होती, भोंग्यापाशी दुसरं कोणी नव्हतं. घड्याळात अजून काही मिनिटं बाकी होती. भोंगा झाला की ती पाणी पिईल. पाणी पोटात गेलं की सगळं ठीक होईल.

त्याने ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. पण हात त्याचाच होता आणि घड्याळ त्याच्या डोळ्यांसमोर होतं.

भोंगा वाजला. गावभर घुमला. रस्त्यावरचा गलका एकदम थांबला, लोकांनी हातगाड्यांपाशीच खजूर तोंडात टाकले, घराघरातून ग्लासांचे, ताटांचे आवाज आले. वाहेदने मान वळवली. पश्चिमेला गव्हाच्या वावरांवर सूर्य अजून पुरा होता, तांबडा आणि गोल. आपण काय केलं ते त्याला तेव्हा कळलं.

जिन्यावरून अकरम धावत वर आला. मशिदीत अजान तो द्यायचा.

"वाहेदभाई, हे काय केलं? सूर्य पाहा ना वर!"

अकरम तसाच उलटा पळाला आणि लाऊडस्पीकरवरून ओरडायला लागला, "थांबा, हात थांबवा, अजून वखत झाला नाई!" पण गिळलेला घास कोणाला परत काढता येतो? वाहेद खाली उतरला तर पायऱ्यांच्या तोंडाशी नमाज पढवणारे म्हातारे हाफिजजी उभे होते.

"वाहेदमियाँ, घड्याळ बिघडलं का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

वाहेदने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. हाफिजजींनी होकार समजला आणि आत अकरमला तसं कळवलं. वाहेद घराकडे धावला.

अंगणात शकीला कपाळाला हात लावून बसली होती. तिच्यासमोरचा ग्लास रिकामा होता. मलिहा ताठ बसली होती, आणि तिचा ग्लास काठोकाठ भरलेला होता.

"तू पेली नाई?" वाहेदला धाप लागली होती.

"नाई."

"काऊन?"

"भोंगा तुम्ही वाजवला ना," मलिहा म्हणाली. "मले वाटलंच होतं, आज तुम्ही लवकर वाजवसान. म्हनून मी अजानीसाठी थांबली."

वाहेद तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"डोकं काऊन ठेवलं होतं गुडघ्यावर?"

"थकली होती. थकत नाईत का लोकं रोज्यात?"

"माया रोजा गेला," शकीला पुटपुटली. "साऱ्या गावाचा गेला. अन् हे म्हनतात, घड्याळ बिघडलं. आता लाऊडस्पीकरवर तेच सांगतलं अकरमनं."

"घड्याळ बिघडलं का, अब्बा?" मलिहाने विचारलं.

वाहेद तिच्या भरलेल्या ग्लासाकडे बघत राहिला. मलिहा बोलली तेव्हा तिचा आवाज रागाचा नव्हता, आणि त्यामुळेच तो वाहेदला जास्त लागला.

"दवाखान्यात तुम्ही रोज म्हनत होते, आज सुई नाई लागनार. अन् सुई राह्यतच होती. तुम्ही हासत होते, म्हनून मी बी हासत होती. तवापासून मी बी तसंच सांगतो, मी बरी हाये म्हनून. गीताकाकूनं सांगतलं ना तुमाले आज? तुमचं तोंड पाह्यलं तवाच समजलं मले."

"तू घाबरू नये म्हनून म्हनत होतो, बेटा."

"मी बी त्याच्याचसाठी म्हनतो."

तेवढ्यात अजान झाली. खरी, वेळेवरची. मलिहाने पूर्ण होऊ दिली, बिस्मिल्ला म्हणाली, खजूर तोंडात घातला आणि पाणी प्यायली. सावकाश, घोट घोट. भोंग्यावर रोजा सोडणाऱ्या त्या गल्लीतल्या बायकापोरांत त्या दिवशी तिचाच रोजा पुरा झाला, पण तिचं कौतुक करायला कोणाला सुधरत नव्हतं. वाहेदनेही एक खजूर उचलला आणि उठून मशिदीत गेला.

नमाज झाल्यावर तो सगळ्यांसमोर उभा राहिला. असं बोलायची त्याला सवय नव्हती. हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

"घड्याळ बरोबर हाये," तो म्हणाला. "घड्याळात काही खराबी नाई. मीच आधी वाजवला. दिसत होतं, तरी वाजवला."

"पन काऊन?" मागून कोणीतरी विचारलं.

मलिहाचं नाव त्याच्या ओठावर आलं. ते घेतलं असतं तर निम्मी माणसं विरघळली असती, कारण तिच्यासाठी याच मशिदीत कितीकदा दुआ मागितल्या गेल्या होत्या. वाहेदने ते गिळलं.

"मी भेलो," तो म्हणाला. "माफ करा."

शाकिरचाचा भडकले. साखरेचा त्रास असून त्यांनी अवघड दिवस काढला होता. "तू भेला अन् साऱ्या गावाचा रोजा घेऊन बसला? या उनात आनखी एक धरायचा आता आमी?" दोघातिघांनी त्यांची री ओढली. हाफिजजींनी हात वर केला. ज्यांनी भोंग्यावर रोजा सोडला त्यांनी ईदनंतर एक रोजा भरून द्यावा, एवढंच ते बोलले. वाहेदला ते काही म्हणाले नाहीत. वाहेदने खिशातून गच्चीवरच्या खोलीची किल्ली काढून अकरमच्या हातावर ठेवली. अकरम नको नको म्हणाला, पण किल्ली त्याने परत दिली नाही.

मलिहा दारातच उभी होती.

"सांगतलं?"

"हाव."

"मायं नाव घेतलं?"

"नाई."

तिने दारातून बाजूला होऊन त्याला आत येऊ दिलं आणि त्याच्यासाठी ताट वाढलं. "उद्याचा बी धरनार हाये मी," ती भाजी वाढता वाढता म्हणाली. वाहेदने घास चावत मान डोलावली. तो नाही म्हणाला नाही याचं शकीलाला इतकं नवल वाटलं, की तिने दुसऱ्यांदा भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाहेद कितीतरी वर्षांनी आपल्या घरच्या दस्तरखानावर बसला. दिवसभर दुकानात तो एकदाही जागचा उठला नव्हता. गीताबाईचा टेबलफॅन दुरुस्त झाला होता, मोटारही बांधून झाली होती. रस्त्याने जाताना दोघांनी तोंड फिरवलं होतं, तेही त्याने सोसलं होतं. आता हात मांडीवर ठेवून तो भिंतीकडे बघत होता. बाकीच्यांसारखंच नुसतं बसून राहायचं कसं असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. मलिहा समोर बसली होती. बोटाने ती कपाळाची एक बाजू दाबत होती. त्याला ते दिसलं. शकीलालाही दिसलं, आणि तिने घाईने नवऱ्याकडे पाहिलं.

वाहेदने काही विचारलं नाही. तो ओठ घट्ट मिटून बसला होता.

"डोकं दुखून राह्यलं, अब्बा," मलिहाच म्हणाली. "सकायपासून. लय नाई, थोडंसं."

इतक्या वर्षांत तिने असं आपणहून सांगितलं नव्हतं. गाडीवाल्याचा नंबर, नागपूरचा रस्ता, सगळं एका क्षणात वाहेदच्या डोळ्यांपुढून गेलं. त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"बरं," तो म्हणाला.

मलिहाने त्याच्याकडे पाहिलं, आणि पाण्याचा ग्लास थोडा जवळ ओढून घेतला. मशिदीच्या गच्चीवर अकरम घड्याळाकडे बघत उभा होता, आणि भोंगा अजून वाजायचा होता.